गाळणीत आलेली चावी

सोमवार

विसरभोळे, आधी तुझीच हजेरी घेते, मग बाकीचं. निघताना तू जो खाऊचा डबा माझ्या पिशवीत कोंबलास, तो इथे येऊन उघडला. आत काय, तर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, काठोकाठ. अगं, लेक कुणाची तू? तुझ्या बाबाला शेंगा चालत नाहीत! शाळेत असताना कुणीतरी दिलेले दोन दाणे खाल्ले, तर तोंड भोपळ्यासारखं सुजलं, घशातून वारा जाईना. डॉक्टरांनी सुई टोचली म्हणून आज तुला बाप आहे. हे मी तुला इतक्यांदा सांगितलंय की माझा मलाच कंटाळा आलाय. बाबाने डबा बघितला आणि हसला. म्हणाला, पोरीला वारशाची घाई झालेली दिसते. वारशात आहे काय, तर चार पाने, एक पक्कड आणि एक म्हातारी.

मला दात नाहीत, त्याला परवानगी नाही. म्हणून डबा माझ्या बिछान्यावरच्या फळीवर अगदी कोपऱ्यात सारून ठेवलाय, झाकण घट्ट लावून. पुढच्या आठवड्यात रविवारी येणार आहेस ना, तेव्हा परत घेऊन जा. हेही विसरशीलच.

तर तू सांगितलंस तसं करतेय. फोनवरचा लाल ठिपका दाबायचा, बोलायचं, परत दाबायचा. रोज मी इथून बोलायचं आणि तू तिकडे वहीत उतरवायचं. अक्षरांशी माझी आयुष्यात ओळख झाली नाही, त्यामुळे तू काय लिहिशील ते मला कळायचं नाही. शिव्या गाळल्यास तरी चालेल, टोमणे गाळू नकोस.

जागा मला आवडली. लाँच जुनी आहे. पांढरा रंग आहे, पण खरचटलंय तिथे खालचा हिरवा दिसतो, म्हाताऱ्या बाईच्या रंगवलेल्या केसांसारखा. दिवसभर लोकांना खाडीच्या या काठावरून त्या काठावर न्यायचं आणि संध्याकाळी धक्क्याला बांधून ठेवायची. मागच्या बाजूला आमची केबिन. दोन बिछाने, एक गोल खिडकी, एक स्टोव्ह. स्टोव्हला चारी बाजूंनी दांड्या लावल्यात, भांडी घसरू नयेत म्हणून. असा स्टोव्ह मला आयुष्यभर हवा होता. तुझ्या आजोबांचा हात लागला की भांडी घसरायचीच.

वर सुकाणूजवळ कप्तान. एका कानाने ठार बहिरा. मला मावशी म्हणतो, स्वतः माझ्याहून मोठा असेल. मी म्हटलं, भाचेराव, पायऱ्या जपून उतरा. त्याला ऐकू आलं नाही, किंवा चांगलंच आलं.

आणि तुझा बाबा शीळ घालतोय. काम सुटल्यापासून ज्याचं तोंड भिंतीकडे असायचं, तो शीळ घालतोय. लाँचच्या मालकाने मिस्त्रीची नोकरी दिली, राहायला जागा दिली. खाली इंजिनघरात शिरला की मला हाक मारत नाही, पान्याने नळीवर ठोकतो. टक. मग टक-टक. म्हणजे चहा. शाळेतून आला की दार असंच ठोकायचा, तेव्हा भूक लागलेली असायची. माणूस मोठा झाला, ठोका तोच.

मंगळवार

आज मी शाळेत गेले. शाळा म्हणजे इंजिनघर. पायऱ्या उतरताना गुडघ्यांनी वाद्यं वाजवली.

तुझ्या बाबाने समजावलं ते तुला सांगते, म्हणजे माझंही पक्कं होईल. इंजिन तापतं, त्याला गार ठेवायला पाणी लागतं. पण पाणी दोन प्रकारचं. एक गोडं, त्यात हिरवं औषध घातलेलं. ते आतल्या आत फिरत राहतं, बाहेर येत नाही. दुसरं खारं. ते बोटीच्या पोटाला भोक आहे तिथून वर येतं, कूलरमध्ये गोड्या पाण्याच्या नळ्यांना बाहेरून वळसा घालतं, त्यांची उष्णता घेतं आणि मागच्या नळातून परत खाडीत पडतं. दोन्ही पाणी एकाच घरात, मधे भिंत, एकमेकांना न शिवता ऊब दिली-घेतली. मी म्हटलं, हे तर मी आणि माझी सासू.

हे खारं पाणी खेचणाऱ्या पंपात रबराचं चाक असतं, फुलासारख्या पाकळ्यांचं. पाकळ्या झिजतात, तुटतात, म्हणून ते वेळेवर बदलायचं. कूलरमध्ये जस्ताचे गट्टू असतात. खारं पाणी धातू खातं, पण आधी जस्त खातं. जस्त झिजत राहतं आणि बाकी सगळं वाचतं. तुझा बाबा म्हणाला, जस्त म्हणजे आई. एवढं गोड बोलला की मी लगेच विचारलं, काय हवंय? तर म्हणाला, गाळणी.

खारं पाणी आत येतं तिथे ते एका भांड्यातून जातं, त्यात जाळीची गाळणी. शेवाळ, शिंपले, प्लास्टिक, सगळं तिथे अडकतं. रोज पहिल्या फेरीआधी ती साफ करायची. भांड्याचं तोंड अरुंद आहे, त्याचा पंजा आत जात नाही, माझा जातो. झालं. मला नोकरी लागली. गाळण्या धुण्यात माझा जन्म गेलाय.

गाळणी उघडण्याआधी पाण्याचा कॉक बंद करायचा, नाहीतर खाडी घरात. आणि इथे एक नियम आहे, तो बाबाने माझ्याकडून पाठ करून घेतला. कॉक बंद केला की वर जाऊन इंजिनाची चावी काढायची आणि कॉकच्या दांड्यावर अडकवायची. म्हणजे कॉक बंद असताना कुणी चुकूनही इंजिन सुरू करू शकत नाही. चावी हवी तर खाली यावं लागेल, खाली आलं की कॉक दिसेल. आणि कुणी पाण्याखाली उतरत असेल तर चावी त्याच्या गळ्यात. बोटीच्या खाली तिला ढकलणारा पंखा असतो ना. चावी गळ्यात म्हणजे जीव आपल्या हातात. बंद करायचं तंत्र मात्र वेगळं. चावीने हे इंजिन सुरू होतं, पण थांबवायला शेजारची लाल मूठ खेचावी लागते.

चावीला बाबाने माझ्याच निळ्या लोकरीची वेणी बांधलीये. मी विणलेल्या टोपीतली. टोपी उसवली असं मला आता कळलं.

बुधवार

दिवसभर फेऱ्या. मागच्या नळातून पाणी थुंकल्यासारखं पडत असतं, थुक, थुक. कप्तान म्हणतो, मावशी, ही थुंकतेय तोवर जिवंत आहे. मी म्हटलं, तुमचंही तसंच असावं.

सकाळी कॉक बंद केला, चावी अडकवली, गाळणी काढली. हिरवं शेवाळ, दोन शिंपले, बोटभर मासा. मासा सोडून दिला. तळाला भुईमुगाची टरफलं. चांगली मूठभर.

मी आधी तुझ्या डब्याकडे बघितलं. फळीवर होता, झाकण लावलेलं. प्रवासी खातात आणि टाकतात, दुसरं काय. तुझ्या बाबाला दाखवलं नाही, तो टरफलं बघूनही शिंकतो. खाडीत फेकली.

शुक्रवार

काल बोलले नाही, रागावू नकोस. काल सगळे इंजिनाच्या मागे होते.

झालंय असं की इंजिन तापतच नाही. ऐकायला बरं वाटतं, पण बरं नव्हे. गरम झाल्याशिवाय ते नीट चालत नाही, धूर सोडतं, तेल पितं. वर सुकाणूजवळ एक काटा आहे, तो मधोमध यायला हवा. तो सुरुवातीला असतो तिथेच पडून असतो, तास तास चालवलं तरी.

बाबाला वाटलं, झडप बिघडली. गोड्या पाण्याच्या वाटेवर एक छोटी झडप असते. पाणी तापेपर्यंत ती वाट बंद ठेवते, तापलं की उघडते. ती उघडीच राहिली तर इंजिन गार राहणार. ती काढून त्याने माझ्या स्टोव्हवर पातेल्यात उकळायला ठेवली. मी म्हटलं, मीठ किती घालू? पाणी गार होतं तोवर झडप मिटलेली. तापलं तशी हळूहळू उघडली, डोळा उघडावा तशी. काढून गार पाण्यात टाकली, पुन्हा मिटली. ठणठणीत. परत बसवली. काटा जागचा हलला नाही.

आज दोन फेऱ्यांच्या मधे मी इंजिनावर हात ठेवला. तासभर चालून आलेलं लोखंड. गार. नुसतं गार नव्हे गं, आडातलं पाणी असतं ना, तसं. हात काढला तर तळव्यावर पाण्याचे थेंब.

दुपारी धक्क्यावर चहावालीकडे जाऊन बसले. ती सगळ्यांना ओळखते. मी गाळणीतल्या टरफलांची गोष्ट हसत हसत सांगितली, तर तिच्या हातातली किटली तशीच राहिली. म्हणाली, आधीचा मिस्त्री खायचा. खिसे शेंगांनी भरलेले. एकाच हाताने, अंगठ्याने फोडायचा आणि टरफलं इंजिनावर ओळीने मांडून ठेवायचा. मी विचारलं, मग गेला कुठे? तिने खाडीकडे हनुवटी केली. बोटीच्या पोटाला पाणी आत घेणारं भोक आहे ना, त्याच्या तोंडाला काहीतरी अडकलं होतं, ते काढायला खाली उतरला. चावी गळ्यात होती. इंजिन बंद होतं. वर आलाच नाही. पाणबुडे आणले, काही सापडलं नाही. आणि सगळ्यात विचित्र काय सांगू का, म्हणाली. त्याच्या चावीला बुचाचा गोळा बांधलेला होता, पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून. निदान तो तरी वर यायला हवा होता.

मालकाच्या घरी दुसरी चावी होती, तीच आता तुझ्या बाबाकडे आहे. इंजिनाचं कुलूप कुणी बदललंच नाही.

परत येऊन कप्तानाला विचारलं. त्याने बहिरा कान माझ्याकडे केला.

शनिवार

सकाळ. नेहमीसारखं कॉक बंद, चावी काढून दांड्यावर, गाळणी बाहेर. शेवाळ. टरफलं. आणि शेवाळात गुरफटलेली चावी.

मला वाटलं, दांड्यावरची आत पडली. धुतली, पुसली, म्हटलं बघ म्हातारे, हात कापायला लागले. नियमाप्रमाणे कॉकच्या दांड्यावर अडकवायला गेले. दांड्यावर निळ्या वेणीची चावी होतीच. आता दोन लटकत होत्या. दुसरीला बुचाचा गोळा. लिंबाएवढा. काळा पडलेला.

तुझा बाबा खाली आला. बघून हसला आधी. मग हसू ओसरलं. मला बॅटरी धरायला लावून तो गाळणीच्या भांड्यात बघत बसला. म्हणाला, आई, बाहेरून तोंडाला लोखंडी जाळी आहे, तिच्या भोकातून माझी करंगळी जात नाही. मी म्हटलं, मग लिंबू कसं आलं? त्याने भांड्याचं झाकण लावून टाकलं. नेहमी तो मला म्हातारे म्हणतो. आज आई म्हणाला, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

रविवार

आज फेऱ्या नाहीत. बाबाने पंप उघडला. रबराचं चाक एवीतेवी बदलायचंच होतं, म्हणाला, हाताला काम असलेलं बरं. चाकाची एक पाकळी तुटलेली निघाली. तुटलेला तुकडा शोधावाच लागतो, नाहीतर पुढे जाऊन कूलरच्या नळ्या बुजवतो. कूलरचं झाकण खोललं. तुकडा सापडला. त्याच्याभोवती शेंगदाण्यांची लाल सालं, बोळा करून दाबल्यासारखी. आणि जस्ताचे गट्टू जसेच्या तसे. नवे. झिजलेच नव्हते. बाबा म्हणाला, खाणाऱ्याला यांच्यात रस नाही असं दिसतंय. विनोद करत होता. मी हसले, त्याला बरं वाटावं म्हणून.

मी म्हटलं, चल, जाऊया. मावशीकडे राहू, तुझ्या काकांकडे राहू, कुठेही. तो नवं चाक बसवत राहिला. म्हणाला, परत ती भिंत बघायची का मी? मी पक्कड उचलून त्याच्या हातात दिली.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही दोघं मागच्या टोकाला गेलो आणि त्याने ती चावी खाडीत लांब भिरकावली.

बूच तरंगतं. तू विसरलीस तरी मला आठवतं. हे बूच दगडासारखं गेलं.

सोमवार

गाळणीत होती. तीच.

तुझ्या बाबाला सांगितलं नाही. तो रात्रभर कुशी बदलत होता. आज मालक लाँचवर यायचा होता, त्याच्यासमोर याचा चेहरा उतरलेला नको. लपवायला जागा शोधली. त्याचा हात जिथे कधीच जाणार नाही अशी या बोटीवर एकच जागा. तुझा शेंगांचा डबा. झाकण उघडलं तर डबा अर्ध्यावर आलेला. उंदीर म्हणावं, तर झाकण घट्ट. चावी शेंगांत खुपसली, झाकण लावलं, वर पातेलं ठेवलं.

फेऱ्यांत प्रवासी म्हणत होते, आज गारठा आहे. बाहेर ऊन रणरणतंय. इंजिनघरात माझ्या तोंडातून वाफ निघते.

मालकाला काट्याचं सांगितलं. तो म्हणाला, गार आहे तर चांगलंच की, तापलं असतं तर बोलायचं.

मंगळवार

लाँच थुंकायची थांबली.

मधल्या पाण्यात होतो, प्रवासी भरलेले. मागच्या नळातून आधी थेंब, मग नुसता धूर. बाबाने कशीबशी धक्क्याला आणली. गाळणी काढली. स्वच्छ. शेवाळाचा एक धागा नाही, कुणी घासून ठेवल्यासारखी. कॉक उघडला, पाणी येईना. खाडीत उभी असलेली बोट आणि पोटात पाणी येईना. म्हणजे बाहेरून तोंडावर काहीतरी आहे. चिकटून.

मालक फोनवर ओरडला. उद्या लाँच चालली पाहिजे, नाहीतर दुसरा मिस्त्री बघतो.

बाबा म्हणतो, प्लास्टिकची पिशवी असेल. उद्या दुपारी भरती-ओहोटीच्या मधे खाडीचं पाणी थांबतं, तेव्हा उतरतो. कप्तान कमरेचा दोर धरेल. चावी गळ्यात असेल. किती वेळचं काम आहे, म्हणतो. मी रडले नाही. मी भांडले. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, म्हातारे, चहा टाकून ठेव, वर आल्यावर ठोकतो.

बुधवार, दुपार

उतरला. आत्ताच. निळी वेणी गळ्यात आहे, मी स्वतः गाठ मारली. कप्तान दोर धरून बसलाय. मी केबिनमध्ये. चहा टाकलाय. हात रिकामे नकोत म्हणून तुझ्याशी बोलतेय.

खालून आवाज येतो. तळाला हात लागल्याचा. खरवडतोय. चांगलं आहे. खरवडतोय म्हणजे —

पातेलं जमिनीवर पडलंय. फळीवरचं. मी पाडलं नाही.

डबा उघडा आहे. शेंगा आहेत थोड्या. चावी — हात घालून बघते — नाही. नाहीये गं. चावी नाही यात. कप्तान! अहो कप्तान! — याला ऐकू कुठलं — वर कोण आहे सुकाणूजवळ? कोण —

इंजिन सुरू झालं.

बुधवार, नंतर

वर आला.

सांगते. नीट सांगते. मी कशी पायऱ्या चढले माहीत नाही. सुकाणूजवळ कुणी नव्हतं. चावी भोकात होती, बूच लटकत होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं. गिअरचा दांडा पुढे ढकललेला. धक्क्याचे दोर ताणून कण्हत होते. चावी फिरवली, हात भाजला — नाही, गारठ्याने भाजला. मग आठवलं. लाल मूठ. दोन्ही हातांनी खेचली. बंद झालं.

मागे पाणी पांढरं झालं होतं. मी दुसरा रंग शोधत होते. नव्हता.

मग तो शिडीने वर आला. आपला आपण. एक ओरखडा नाही. कप्तानाच्या हातात दोराचं टोक तसंच, सैल. कप्तानाने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दोर खाली टाकला. धक्क्यावर उतरून चालायला लागला. हाक मारली, वळला नाही.

चहा दिला. प्यायला नाही. ठोकलं नव्हतं त्याने. मला काय, माझा मुलगा समोर बसलाय. मी किती वेळा म्हटलं, बाळा, बरा आहेस ना. मान हलवली. अंग पुसलं. पुन्हा ओलं. पुन्हा पुसलं.

गळ्यात वेणी नाही.

गुरुवार

इंजिन छान चालतंय. काटा मधोमध. ऊब आली. मागून पाणी पडतंय, थुक, थुक. मालक येऊन शाबासकी देऊन गेला. दुसरा कप्तान आणला.

सकाळी गाळणी काढली. त्यात निळ्या लोकरीची वेणी होती. गाठ माझी. माझी गाठ मला कळते. चावी तिलाच होती.

आणि मग खालून, तळाच्या फळीखालून, पाण्यातून. टक. मग टक-टक.

चहा.

मी तोंडावर हात दाबला. तो पायरीवर उभा होता, माझ्याकडे बघत. तो इथे, आणि ठोका तिथे. अजून येतोय. मधे थांबतो, दमल्यासारखा, परत —

मी कुठे जाणार? माझा पोरगा खाली चहा मागतोय. जस्ताने जागा सोडायची नसते.

गुरुवार, आत्ता

हा शेजारी येऊन बसलाय. मी बोलते ते ऐकतोय. म्हणून छान छान बोलते. तब्येत बरी आहे. ऊन आहे. कुणाची आठवण वगैरे काढू नको.

फळीवरचा डबा त्याने घेतला. एका हाताने फोडतोय, अंगठ्याने. टरफलं ओळीने मांडतोय, माझ्या बिछान्यावर. किती खाल्ल्या. तोंड सुजलं नाही. जरासुद्धा नाही. डबा संपला.

तर तू रविवारी येऊ नकोस. अभ्यास कर. कुणाच्या तरी हाती पाठव, धक्क्यावर चहावालीकडे दे म्हणावं, बोटीवर पाय ठेवू नको म्हणावं. काय पाठवायचं ते नीट ऐक, पहिल्या दिवशी मी तुला कशावरून बोलले ते आठव, एवढं एकदा तरी आठव गं माझ्या बाळा. शेंगा पाठव. भाजलेल्या, टरफलासकट, मोठी पिशवी भरून. तुझ्या बाबाला शेंगा फार आवड —